एकाच आकाशाखाली तीन वेगळे आकडे: जेमिनिड्सच्या एका रात्रीचं प्रकरण

१४ डिसेंबर २०२३ ची रात्र आपल्याकडच्या उल्का बघणाऱ्यांसाठी फार चांगली जुळून आली होती. जेमिनिड्सचा, म्हणजे दर डिसेंबरला येणाऱ्या उल्कावर्षावाचा, कळस जागतिक वेळेनुसार १४ तारखेच्या संध्याकाळी ७ च्या सुमारास होता, म्हणजे आपले रात्रीचे साडेबारा. अमावस्या आदल्या दिवशीच होऊन गेलेली, त्यामुळे चंद्राचा त्रास शून्य, आणि रेडियंट (ज्या बिंदूतून उल्का येताना दिसतात तो) मिथुन राशीत, पुनर्वसूतल्या कॅस्टरजवळ. हा बिंदू आपल्या अक्षांशावर रात्री दोन-अडीचच्या दरम्यान जवळजवळ डोक्यावर असतो. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशन, म्हणजे आयएमओ, त्यांच्या कॅलेंडरमध्ये जेमिनिड्सचा झेडएचआर १५० च्या आसपास देते. झेडएचआर म्हणजे रेडियंट बरोबर डोक्यावर असेल, आकाश ६.५ प्रतीपर्यंतचे तारे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट) दाखवत असेल आणि मध्ये कुठलाच अडथळा नसेल तर एका माणसाला तासाला किती उल्का दिसतील तो आकडा. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातल्या "एका माणसाला" या दोन शब्दांभोवतीच फिरतं.

आम्ही माण तालुक्यातल्या एका माळावर होतो. आसपास शाळूची रानं, गाव बऱ्यापैकी लांब, आणि क्षितिजावर एका बाजूला थोडा उजेड सोडला तर आकाश स्वच्छ. मोजणारे तिघं. एक आमचे काका, साठीच्या पुढचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, आकाश बघण्याचा नाद तरुणपणापासून. दुसरी माझी भाची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, उल्का मोजायला तशी नवी. तिसरा माझा इंजिनियर मित्र, चष्मा आहे, फोटोग्राफी करतो, ताऱ्यांची नावं त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पाठ. मी स्वतः मोजत नव्हतो, घड्याळं जुळवणं, दर तासाला सगळ्यांकडून ताऱ्यांची मोजणी करून घेणं, चहा, आणि कोणी फोन उघडला तर ओरडणं हे माझं काम.

पहाटे शेकोटीपाशी आकडे वाचले तेव्हा भाचीचा आकडा काकांच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि इंजिनियर मित्राचा दोघांच्या मधला. ग्रुपमधल्या एकाने लगेच सांगून टाकलं की पोरगी उत्साहात काहीही मोजतेय. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की काकांना झोप लागली असणार. आणि तिसऱ्याने सगळ्यात व्यवहारी वाटणारा पण माझ्या मते सगळ्यात घातक तोडगा काढला, की तिघांची सरासरी काढा आणि एकच आकडा पाठवा. काका एवढंच म्हणाले, "मला जेवढ्या दिसल्या तेवढ्या लिहिल्या. तिला जास्त दिसल्या असतील तर तिचे डोळे चांगले." भाची मात्र नाराज झाली. "काका, मी एकही खोटी लिहिली नाहीये हो, डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं असं वाटलं त्या तर मी सोडूनच दिल्या." काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, "तुला कोण खोटं म्हणतंय पोरी."

हा वाद तिथे शेकोटीपाशी सोडून द्यायला मी तयार नव्हतो. तिघांची रेकॉर्डिंग होती, वेळा होत्या, दिशा होत्या. त्यामुळे पुढचे काही आठवडे बसून हे प्रकरण उलगडलं आणि तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण महाराष्ट्रात दर डिसेंबरला अशा शेकोट्यांपाशी हाच वाद होतो आणि बहुतेक वेळा तो सरासरी काढून किंवा कुणाला तरी गप्प करून संपवला जातो.

मोजणी कशी केली होती

तिघं एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर आडवे, सतरंजी, वर घोंगडी, कानटोपी. प्रत्येकाकडे स्वतःचा रेकॉर्डर. उल्का दिसली की हळू आवाजात बोलायचं: जेमिनिड की दुसरी, अंदाजे प्रत किती, कुठल्या ताऱ्यांजवळ. वेळ रेकॉर्डरमध्ये आपोआप येते, घड्याळात बघायला मान खाली घालावी लागत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटते पण कागदावर लिहिणारा माणूस दर उल्केमागे काही सेकंद आकाशाबाहेर असतो, आणि जेमिनिड्सच्या कळसाला तेवढ्या सेकंदांत एखाद-दुसरी निसटतेच.

पहिला तास आम्ही विश्लेषणातून पूर्ण काढून टाकला. त्या तासात लोक "ती बघ! ती बघ!" करत होते. कोणी ओरडलं की बाकीचे माना वळवतात, शेपूट विझता विझता बघतात आणि मोजतात, म्हणजे तो आकडा त्यांच्या डोळ्यांचा राहतच नाही. शिवाय मान वळवली त्या क्षणी दुसरीकडे जे पडलं ते गेलं. त्यानंतर मात्र कडक शांतता होती.

आधी डोळ्यांचं थोडं

आपल्या रेटिनामध्ये दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी, सुमारे ६० लाख, रंग आणि बारकावे दिसण्यासाठी, आणि दंडपेशी, सुमारे १२ कोटी, अंधारासाठी. आपण ज्या गोष्टीकडे रोखून बघतो तिची प्रतिमा रेटिनाच्या ज्या मधल्या बिंदूवर पडते तिथे दंडपेशी जवळजवळ नसतातच. त्या सगळ्यात दाट असतात मध्यापासून साधारण २० अंश बाजूला. म्हणून अंधुक तारा सरळ बघितला की गायब होतो आणि जरा बाजूला नजर टाकली की परत दिसतो.

लग्नात अरुंधती दाखवायची आपली पद्धत सगळ्यांना माहितीये, आणि ज्याला वसिष्ठाशेजारची अरुंधती वेगळी दिसते त्याचे डोळे तेज असं आपण धरतो. बरोबरच आहे ते, पण ती परीक्षा बारकाव्याची आहे, दोन जवळच्या ठिपक्यांना वेगळं करण्याची. उल्का पकडायला लागते ती वेगळीच क्षमता: बाजूच्या नजरेत, अर्धा सेकंदसुद्धा न टिकणारी, हलणारी फिकट रेघ आहे हे कळणं. एका परीक्षेत पहिला आलेला दुसरीत पहिला येईलच असं काहीही नाही, आणि आमच्या प्रकरणात नेमकं तेच झालं.

हलण्याचाही एक तोटा आहे. तारा एका जागी थांबतो, डोळा त्याचा प्रकाश क्षणभर साठवू शकतो, दंडपेशींच्या बाबतीत हा साठवण्याचा काळ साधारण एक दशांश सेकंद. उल्का तेवढ्यात पुढे सरकलेली असते, तिचा प्रकाश रेटिनावर लांब पसरतो. त्यामुळे पाचव्या प्रतीचा तारा सहज दिसत असला तरी पाचव्या प्रतीची उल्का त्याच माणसाला बहुतेक वेळा दिसत नाही. राल्फ कोशाक आणि युर्गेन रेंडटेल यांनी १९९० मध्ये निरीक्षकांच्या नोंदींवरून उल्का दिसण्याच्या शक्यतेचं गणित मांडलं, आयएमओचं विश्लेषण आजही त्याच पायावर चालतं. त्यातून येणारी गोष्ट अशी की तुमच्या डोळ्यांच्या मर्यादेला टेकलेल्या उल्का नजरेच्या टप्प्यात शंभर पडल्या तर त्यातली एखादी दिसली तरी खूप. मर्यादेपेक्षा तीन-चार प्रतींनी ठळक असल्या तरच त्या भरवशाने दिसायला लागतात.

आणि अंधाराची सवय. शंकूपेशी पाच-दहा मिनिटांत तयार होतात, आणि माणसाला वाटतं की झालं, आता दिसतंय. दंडपेशींना मात्र अर्धा तास, चाळीस मिनिटं लागतात. मध्ये कोणी मोबाईलचा पांढरा स्क्रीन डोळ्यांसमोर धरला की बरीचशी मेहनत वाया. म्हणून आमच्याकडे टॉर्चवर पतंगाचा लाल कागद दुहेरी लावलेला होता, तोही जमिनीकडे तोंड करून.

काकांचा आकडा कमी का

दर तासाला आम्ही प्रत्येकाकडून लिमिटिंग मॅग्निट्यूड, म्हणजे त्याला जेमतेम दिसणाऱ्या सगळ्यात फिकट ताऱ्याची प्रत, काढून घेत होतो. आयएमओने आकाशात ठराविक ताऱ्यांनी बांधलेले ३० त्रिकोण-चौकोन ठरवून दिलेत. त्यातल्या एखाद्यात कोपऱ्यांचे तारे धरून तुम्हाला एकूण किती दिसतात ते मोजायचं आणि तक्त्यातून आपली मर्यादा बघायची. हे मोजणाऱ्याने स्वतः करायचं असतं, दुसऱ्याचं उसनं घ्यायचं नाही. इथेच बहुतेक ग्रुप घसरतात: एकजण तारे मोजतो आणि सगळ्यांच्या फॉर्मवर तोच आकडा टाकला जातो, कारण आकाश तर एकच आहे ना! आकाश एक असतं पण मर्यादा आकाशाची आणि डोळ्यांची मिळून बनते.

काकांची मर्यादा भाचीपेक्षा जवळपास पाऊण प्रतीने कमी आली. वयाचा यात मोठा भाग. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते, साठीनंतर बऱ्याच जणांची ५ च्या आसपास अडकते. व्यास सातावरून पाचावर आला की आत जाणारा प्रकाश निम्मा होतो, आणि निम्मा प्रकाश म्हणजे सरळ पाऊण प्रत. त्यात डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे पिवळसर होतं आणि निळा-हिरवा प्रकाश अडवतं, दंडपेशींना नेमका तोच जास्त कळतो, ५०७ नॅनोमीटरच्या आसपास.

आता पाऊण प्रतीने एवढा फरक पडतो का? पडतो. जेमिनिड्समध्ये प्रत्येक एका प्रतीने अंधुक होत गेलं की उल्कांची संख्या साधारण २.६ पट होते, म्हणजे फिकट उल्काच खूप जास्त असतात आणि मर्यादा जराशी खाली आली की मोठा ढीगच हातातून जातो. झेडएचआरच्या फॉर्म्युल्यात हेच असतं: तासाचा आकडा गुणिले २.६ चा (६.५ वजा तुमची मर्यादा) एवढा घात, भागिले रेडियंटच्या उंचीचा साइन. हिशोब कळावा म्हणून गोल आकडे धरतो. समजा भाची, मर्यादा ६.३, तासाला १०० उल्का, रेडियंट ७५ अंशावर. उत्तर येतं १२५. काका, मर्यादा ५.६, तासाला ५१ उल्का, तोच रेडियंट. उत्तर येतं पुन्हा १२५.

एकाने दुसऱ्याच्या निम्म्या बघितल्या आणि दोघांनी उल्कावर्षावाबद्दल सांगितलं तेच! आमच्या खऱ्या नोंदींतही काका आणि भाची दुरुस्तीनंतर एकमेकांच्या अगदी जवळ आले. काकांना झोप लागली नव्हती. त्यांचे डोळे त्यांच्या वयाचे आहेत आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मोजले होते. त्यांच्या फॉर्मवर मित्राची मर्यादा टाकली असती तर काकांचं उत्तर एकदम पडलं असतं आणि सगळ्यांनी मान डोलावली असती की हो, वय झालं. मला या गोष्टीचं फार वाटतं, कारण चांगले म्हातारे निरीक्षक अशाच चुकीच्या तुलनेमुळे मोजणी सोडून देतात आणि त्यांच्याबरोबर अनेक वर्षांची सलग नोंद थांबते.

भाचीच्या जास्तीच्या उल्का खऱ्या होत्या का

हा आरोप गंभीर होता, त्यामुळे त्याला फॉर्म्युल्याने नाही, थेट पुराव्याने उत्तर द्यायला हवं होतं. इथे आम्ही शंभर वर्षांपूर्वीची एक पद्धत वापरली. एस्टोनियाच्या टार्टूमधले खगोलशास्त्रज्ञ अर्न्स्ट ओपिक यांनी १९२० च्या पर्सिड्सवर (ऑगस्टमधला उल्कावर्षाव) काम करून १९२२ मध्ये मांडलेली दुहेरी मोजणी. दोघांनी एकाच भागाकडे बघत स्वतंत्र मोजायचं, आणि नंतर बघायचं की दोघांनाही दिसलेल्या किती, फक्त एकालाच दिसलेल्या किती.

वरचेच गोल आकडे घ्या. भाची १००, काका ५१, दोघांनाही दिसलेल्या समजा ४५. काकांच्या ५१ पैकी ४५ भाचीला दिसल्या, म्हणजे तिची पकड ८८ टक्के. भाचीच्या १०० पैकी ४५ काकांना दिसल्या, म्हणजे त्यांची पकड ४५ टक्के. आणि एकूण दिसण्याजोग्या किती पडल्या असतील? १०० गुणिले ५१ भागिले ४५, साधारण ११३. म्हणजे दोघांनाही न दिसलेल्यांचा अंदाजसुद्धा यातून लागतो, मला ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हापासून फार आवडते.

पण यात दोन खड्डे आहेत. पहिला, कळसाच्या वेळी तासाला शंभर म्हणजे दर ३६ सेकंदांना एक. नुसती वेळ जुळली म्हणून तीच उल्का धरली तर काही जोड्या निव्वळ योगायोगाने जुळतात, म्हणून वेळेबरोबर दिशाही जुळली पाहिजे, एकाने रोहिणीजवळ म्हटलं आणि दुसऱ्याने त्याच सेकंदाला सिंहात म्हटलं तर ती जोडी नाही. दुसरा खड्डा जास्त खोल. ठळक उल्का दोघांनाही दिसतात आणि फिकट दोघांनाही चुकतात, त्यामुळे सगळ्या एकत्र मोजल्या तर एकूण संख्येचा अंदाज कमी येतो. म्हणून प्रतीनुसार गट पाडून वेगवेगळं करावं लागतं.

आम्ही तसं केलं. दुसऱ्या प्रतीच्या आणि त्याहून ठळक उल्कांमध्ये काका आणि भाची जवळजवळ पूर्ण जुळत होते. सगळा फरक चौथ्या-पाचव्या प्रतीत होता, अगदी जिथे असायला हवा तिथेच. भाचीने उत्साहात काहीही मोजलं असतं तर तिच्या जास्तीच्या उल्का कोणाशीच जुळल्या नसत्या. पण काकांना न दिसलेल्या तिच्या फिकट उल्कांपैकी बऱ्याच इंजिनियर मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये होत्या, त्याच वेळी, त्याच दिशेला. तो तिच्यापासून लांब झोपलेला, तिचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं. आणि काकांच्या काही उल्का भाचीला दिसलेल्या नव्हत्या हेही त्या आकड्यांत होतंच, त्यामुळे ती सगळं बघते असंही कोणी म्हणायचं कारण नाही. मी हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ज्याने शंका काढली होती त्याने तिला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं म्हणून लिहितोय.

तिच्या नोंदीत एक गोष्ट मात्र खरोखर कच्ची होती: जवळपास सगळंच तिने जेमिनिड म्हणून टाकलेलं. जेमिनिड्सच्या रात्री मन तसं तयारच झालेलं असतं. काकांनी तिच्या शेजारी बसून शिकवलं, की रेघ मागे वाढवून बघ, पुनर्वसूपाशी जातेय का, आणि वेग बघ. जेमिनिड वातावरणात शिरते सेकंदाला ३५ किलोमीटरने, मध्यम चाल. वासुकीतून येणाऱ्या उल्का ५८ च्या आसपास, त्या नुसत्या सपकन जातात. आणि रेडियंटजवळची उल्का आखूड आणि संथ दिसते कारण ती आपल्याच दिशेने येत असते, लांबची लांब आणि वेगवान. या ओळखण्यात काका तिच्यापेक्षा कितीतरी पक्के होते, अर्धी उल्का बघून.

खरं कोडं: इंजिनियर मित्र

याची मर्यादा भाचीइतकीच. कृत्तिकांमध्ये तो आमच्यापेक्षा जास्त तारे मोजतो. तरीही दुरुस्तीनंतर त्याचा झेडएचआर बाकी दोघांपेक्षा सरळ एक तृतीयांशाहून जास्त कमी. वरच्या हिशोबात सांगायचं तर ६.३ मर्यादा आणि तासाला ६२, उत्तर ७८. इथे फॉर्म्युल्याने हात वर केले. तारे दिसण्यात हा भाचीच्या बरोबरीचा आणि उल्का दिसण्यात तिच्या बराच मागे.

त्याच्या नोंदी आकाशाच्या नकाशावर मांडल्या तेव्हा उत्तर समोर आलं. त्याच्या फिकट उल्का एका लहान वर्तुळात गोळा झालेल्या, बाहेर फक्त ठळक. भाचीच्या फिकट उल्का कितीतरी मोठ्या भागात विखुरलेल्या. म्हणजे त्याचं लक्ष एका ठिकाणी रुतलेलं होतं. फोटोग्राफीची सवय असेल, ताऱ्यांचे आकार बघत बसण्याची सवय असेल, कारण मी छातीठोक सांगणार नाही, पण विचारल्यावर तो स्वतःच म्हणाला की तो ताऱ्यांवर नजर रोखत होता. काका उलट म्हणाले की रात्री गाडी चालवताना ते कधीच एका ठिकाणी बघत नसत, नजर सगळीकडे सैल ठेवायची.

आणखी दोन कारणं मिसळलेली होती आणि ती वेगळी काढणं आवश्यक होतं. एक, तो बराच वेळ थेट मिथुनेकडे तोंड करून पडला होता. रेडियंटच्या आसपास उल्का आखूड असतात, सहज निसटतात. नजरेचा मध्य रेडियंटपासून २० ते ४० अंश बाजूला ठेवावा हे जास्त फायद्याचं. दोन, त्याचा चष्मा. फ्रेमच्या बाहेर सगळं धूसर, आणि उल्का तर नेमक्या कडेलाच जास्त येतात. शिवाय रात्री बऱ्याच जणांच्या डोळ्यांना थोडा जास्त मायनस नंबर लागतो, याला नाइट मायोपिया म्हणतात, दिवसा तपासलेला नंबर अंधारात किंचित कमी पडतो. त्याच्या बाबतीत तारे टोकदार दिसत होते त्यामुळे हे कारण मी बाजूला ठेवलं, फ्रेमचं मात्र नाही.

या उरलेल्या फरकाला उल्का-निरीक्षणात पर्सेप्शन कोइफिशंट म्हणतात. मर्यादेची दुरुस्ती झाल्यावरसुद्धा माणसामाणसात जो फरक उरतो तो. तो काढायचा कसा? उल्कावर्षाव नसलेल्या रात्री, सुट्या उल्कांवर, म्हणजे स्पोरॅडिक्सवर. त्यांचं प्रमाण वर्षाच्या आणि रात्रीच्या वेळेनुसार बदलतं, पहाटे वाढतं कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या तोंडाला असतो, पण एकाच रात्री शेजारी-शेजारी मोजणाऱ्यांना ते सारखंच असतं. म्हणून तुलना तिथे करायची. मेहनत खूप, कारण स्पोरॅडिक्स अंधाऱ्या आकाशातही तासाला थोड्याच, आणि थोड्या आकड्यांवर माणसाला शिक्का मारता येत नाही.

वेगाचीही गोष्ट आहे

संख्येतच माणसं वेगळी पडतात असं नाही. ओपिकच यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आहेत. १९३१ ते १९३३ मध्ये हार्वर्डची उल्का मोहीम अ‍ॅरिझोनात होती, ओपिक तिथे होते आणि सुमारे २२ हजार उल्कांची नोंद झाली. वेगासाठी त्यांनी झुलणारा आरसा वापरला, त्यात उल्केची रेघ नागमोडी दिसते आणि त्या वळणांच्या आकारावरून वेग काढायचा. निष्कर्ष असा निघाला की निम्म्याहून जास्त उल्का सूर्यमालेच्या बाहेरून येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात जॉड्रेल बँक वेधशाळेत रडारने वेग मोजले आणि तसं काही सापडलं नाही, फोटोंवरूनही नाही. अर्ध्या सेकंदात दिसलेल्या रेघेचा आकार सांगताना होणाऱ्या चुका एकाच बाजूला झुकल्या की एवढं मोठं चित्र उभं राहतं. ज्या माणसाने दुहेरी मोजणी शोधली, म्हणजे निरीक्षकांमधला फरक सगळ्यांपेक्षा जास्त ओळखला, त्याच्याच मोहिमेत हे झालं, यावरून हा विषय किती अवघड आहे ते कळतं.

प्रत आणि रंग यांबद्दल थोडक्यात. तिघांनी पाहिलेल्या एकाच उल्केच्या प्रतीत अर्ध्या-एका प्रतीचा फरक नेहमी होता, कारण कोणाला ती मध्यावर दिसली, कोणाला कडेला. रंग फक्त ठळक उल्कांना, शंकूपेशी जाग्या होतील एवढा उजेड असला तरच, आणि त्यातही काकांची पिवळी भाचीला पांढरी. आम्ही रंगावरून काहीही निष्कर्ष काढत नाही.

नंतर काय केलं

रिपोर्ट तीन वेगवेगळे गेले, प्रत्येकाच्या स्वतःच्या मर्यादेसह. सरासरी नाही. सरासरी काढली असती तर काकांची मर्यादा, भाचीची पकड आणि मित्राचं रुतलेलं लक्ष हे सगळं एका आकड्यात कालवलं गेलं असतं आणि परत कधीच वेगळं करता आलं नसतं.

पुढच्या वर्षीच्या जेमिनिड्सला जवळजवळ पौर्णिमा होती, त्यामुळे तुलनेला तिचा उपयोग नव्हता, आणि ऑगस्टचे पर्सिड्स आपल्याकडे पावसाळ्यात बुडतात. म्हणून हिवाळ्यातल्या बिनचंद्राच्या साध्या रात्री स्पोरॅडिक्सवर घालवल्या. मित्राने जागा बदलली, नजर सैल ठेवायला शिकला, मोठ्या काचांचा जुना चष्मा परत वापरायला काढला. त्याचा आकडा भाचीच्या बराच जवळ आला, पूर्ण नाही. उरलेलं अंतर तसंच राहतं रात्रीमागून रात्री, आणि तसंच राहतंय हेच चांगलं आहे, कारण स्थिर फरक दुरुस्त करता येतो. त्रास देतो तो बदलणारा फरक. भाचीचा आकडा परीक्षेच्या आठवड्यात, झोप अपुरी असताना, पहाटे तीननंतर धाडकन खाली येतो. तेव्हापासून आमच्यात नियम आहे की प्रत्येकाने तासातून एकदा उठून चालायचं, तेवढी मिनिटं मोजणीतून वजा, आणि शेवटचं जेवण-झोप किती हेसुद्धा नोंदीत लिहायचं. दुसरा नियम, मोजणी संपून रेकॉर्डिंग बंद होईपर्यंत कोणी आपला आकडा बोलायचा नाही, कारण दुसऱ्याचा जास्त आकडा ऐकला की पुढच्या तासात आपोआप संशयाच्या उल्का आत यायला लागतात.

काकांची मर्यादा गेल्या हिवाळ्यात आणखी जराशी खाली सरकली, उजव्या डोळ्याने तारे मोजताना जास्त. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं, मोतीबिंदूची सुरुवात निघाली. ऑपरेशन आज ना उद्या होईल, पिवळं भिंग जाऊन स्वच्छ कृत्रिम भिंग येईल. बाहुली तेवढीच राहणार, भिंग बदलणार, म्हणजे त्यांच्या कमी मर्यादेत भिंगाचा वाटा किती आणि बाहुलीचा किती हे त्यांच्याच नोंदींतून कळू शकेल. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी भाचीच्या शेजारी बसून, प्रत्येक डोळ्याची मर्यादा वेगळी मोजून, जमतील तेवढ्या स्पोरॅडिक्सच्या रात्री करून ठेवायच्या असं काकांनीच ठरवलंय. २०२६ च्या जेमिनिड्सला १४ डिसेंबरच्या रात्री चंद्र साडेदहाच्या आसपास मावळतो, ती रात्र त्यांना नव्या डोळ्याने हवी आहे, त्यामुळे ऑपरेशनची तारीख त्याच्या पुरेशी आधी घ्यायची चाललीये आणि आमच्याकडे आधीच्या नोंदी गोळा करायला वेळ थोडाच आहे.